रेड्यावरची बाई आणि भूकंप

४ मार्च, संध्याकाळ
डॉक्टर म्हणाला, बीपी वाढलंय. राग आला की बोलू नका, वहीत लिहा. लिहिते. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर डॉक्टरपेक्षा बरं आहे.

आज भूकंप झाला म्हणे. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. इथे साठ वर्षांत झाला नव्हता. आणि झाला तेव्हा मी कुठे, तर लॉजच्या तळघरात, रेड्यावर. रेडा म्हणजे आमचं कपडे धुवायचं मशीन. पिळायला लागलं की जागेवर राहत नाही, पार दारापर्यंत चालत जातं. म्हणून पिळताना वर कुणीतरी बसायचं, अशी इथली पद्धत. बारा वर्षं मीच बसते. बाकीच्यांची वजनं कसली, फुंकर मारली तर उडतील.

चादरी घेऊन वर आले तर लॉजात चिटपाखरू नाही. मॅनेजर, वेटर, गिऱ्हाइकं, सगळे रस्त्यावर. मी म्हटलं, कामाच्या वेळी जत्रा भरवलीय का? वेटर म्हणाला, मावशी, भूकंप झाला, तुम्हाला कळला नाही?

मला कळला नाही असं नाही. कळला. हातात काम होतं.

५ मार्च
जो तो आपापला भूकंप सांगतोय. वेटरचा ट्रे हलला. मॅनेजरचा पंखा हलला. नवऱ्याच्या चहाला लाटा आल्या. तो घरीच असतो, त्याला लाटा बघायला वेळ आहे.

नणंद लॉजच्या काउंटरवर बसते. बारावी पास. त्यामुळे तिला भूकंपसुद्धा जास्त कळला. सगळ्यांसमोर विचारते, वहिनी, तुम्हाला काय जाणवलं? मी म्हटलं, मला दोन मिनिटं आधीच जाणवलं. मग उतरला का नाहीत, म्हणाली. म्हटलं, चादरी ओल्या होत्या.

नवरा म्हणतो, रेड्यावर यम बसतो. तुला भूकंप कसा कळणार, तूच घेऊन आली असशील. त्याला चहा दिला नाही. येऊ देत आता लाटा.

७ मार्च
मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, रेडा महिनाअखेर भंगारात जाणार. कपडे बाहेर धुवायला देणार. म्हणजे मीही भंगारात. तसं तो बोलला नाही, माझ्याकडे न बघता त्याने छताकडे बघितलं.

दुसरं म्हणजे, लॉजला भूकंपाचा माणूस हवा. धक्का ओळखायचा, शिट्टी फुंकायची, सगळ्यांना बाहेर काढायचं. परत धक्के बसतील असं पेपरात आलंय.

मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, बारा वर्षं हलत्या वस्तूवर बसलेय. हलण्यातलं इथे माझ्याइतकं कुणाला कळतं? मॅनेजर पोरगेलासा आहे. मोठ्याने बोललं की त्याला पटतं.

शिट्टी मिळाली. लाल दोरीची. आता नोकरी पक्की. रेडा जाईल, पण शिट्टीवालीला कोण काढतंय.

८ मार्च
ठरवलं ते असं. रोज सकाळी जमिनीवर हात ठेवून बघायचं. कुणावर ओरडायचं नाही, फक्त शिट्टी. नणंदेशी गोड बोलायचं, ती आता माझ्या हाताखाली आली.

८ मार्च, दुपार
नणंदेला सांगितलं की तू माझ्या हाताखाली आलीस. भांडली. गोड बोलायचं उद्यापासून.

१४ मार्च
पिळताना रेड्यावर वॉचमनला बसवलं. मी वरच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते, कान जमिनीकडे. एकदम पायाखालची फरशी थरथरली. कॅलेंडर हललं. मी शिट्टी फुंकली ती अशी की गल्लीतले कुत्रे पळाले.

अठरा खोल्या दोन मिनिटांत रिकाम्या. एक गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून, अर्धी दाढी तशीच. एक बाई टॉवेलात. टॉवेल आमचाच, मी धुतलेला, पांढराशुभ्र.

वॉचमन फोन आला म्हणून उतरला होता. रेडा एकटाच भिंतीला धडका देत होता.

मॅनेजर म्हणाला, तुम्हाला तर हलण्यातलं कळतं ना? मी म्हटलं, हा सराव होता. सांगून घेतला तर तो सराव कसला? अर्ध्या दाढीवाल्याने पैसे परत मागितले. मॅनेजर म्हणाला, अजून एक चूक झाली तर शिट्टी काढून घेईन.

चूक वॉचमनची. शिक्षा मला. ही दुनिया.

१५ मार्च
उपाय सापडला. रेड्यावर आता मीच बसणार. मी बसले की तो हलत नाही, आणि मग जे हलेल तो भूकंप. इतकं सोपं. बारावीत हे शिकवत नाहीत.

२२ मार्च, दुपार तीन
आज अक्षर डॉक्टरसारखं येतंय. बीपीमुळे.

सकाळी रेड्यावर बसले होते. गोधड्यांचा घाणा होता. हलत होता, पण गोधड्या म्हटल्यावर हलणारच. इतक्यात जिना उतरून नणंद आली. धावत, एका पायात चप्पल.

म्हणाली, "वहिनी, उतरा. जमीन परत हलतेय."

मी म्हटलं, "जमीन नाही, मशीन हलतंय. काउंटर सोडून कशाला आलीस?"

ती म्हणाली, "मशीन बंद आहे. लाईट कधीची गेलीय."

मी खाली बघितलं. लाल दिवा बंद. आवाज नाही. आणि बूड हलतंय.

तिने हात धरून ओढलं. बाहेर सगळे उभे होते. नंतर कळलं, पहिल्या धक्क्यालाच तिने सगळ्यांना बाहेर काढून डोकी मोजली, एक कमी भरलं, तर परत आत घुसली. मॅनेजर अडवत होता, त्याला म्हणाली म्हणे, वहिनी दुसऱ्या कुणाचं ऐकायच्या नाहीत, मलाच जावं लागेल.

रस्त्यावर आल्यावर मी शिट्टी फुंकली. नणंद म्हणाली, आता कशाला? म्हटलं, नियम आहे.

तिने हात बराच वेळ सोडला नाही. गारठला होता. तिचा की माझा, ते नीट कळलं नाही.

२३ मार्च
शिट्टी मीच परत केली. दोरी मानेला टोचत होती. आता नणंदेच्या गळ्यात आहे. तिची मान बारीक आहे, टोचणार नाही.

३१ मार्च
रेडा गेला. चौघांनी उचलून टेम्पोत घातला. टेम्पो सुरू झाला तसा लागला हलायला. सवय.

नोकरी राहिली. चादरींची खोली माझ्याकडे आणि वर भूकंपाच्या कामातली एक जबाबदारी. नणंदेनेच मॅनेजरला सांगितलं. आता दर महिन्याला सराव होणार, त्यात एक जखमी लागतो. जखमीने डोळे मिटून पडून राहायचं. ती म्हणाली, वहिनींनाच घ्या, काही झालं तरी त्या जागच्या उठत नाहीत.

आज पहिला सराव. नणंदेची शिट्टी वाजली. फुंकते बरी, अजून जोर पाहिजे. चार वेटरांनी मला स्ट्रेचरवर घेतलं. जिन्यात स्ट्रेचर थरथरायला लागलं. मी डोळे न उघडता सांगितलं, पोरांनो, सांभाळा, हा खरा भूकंप आहे. मला कळतं.

पायाकडचा म्हणाला, नाही मावशी, आमचे हात आहेत.