दोन हळद्या

बारामती, फाल्गुन वद्य पंचमी

मुंबईच्या साहेबांनी पुस्तकातल्या चित्रांसाठी कापूस भरलेले दोन हळद्या पक्षी पाठवलेत. दोन्ही पिवळेधमक. आपल्याकडच्या हळद्याच्या डोळ्यावरून काजळासारखी रेघ जाते. घाटातल्या रानातल्याचं मात्र सगळं डोकंच काळं. फरक मुख्य एवढाच, आणि चित्रात तोच दिसायला हवा.

आज ती रेघ काढली. निदान मला तरी रेघच वाटली. सगुणा चहा घेऊन आली नि म्हणाली, "अवो, दोन्हींची डोकी काळीच का रंगवली?"

"नीट बघ."

"नीटच बघतीया."

पक्षी घेऊन खिडकीपाशी गेलो. रेघ दिसेचना, नुसता काळा डाग. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याची नस वाळतेय, औषध नाही. हे मी घरात बोललो नव्हतो. चित्रं सोडून मला येतं तरी काय?

"कवापासनं दिसंना?" सगुणानं हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

ती रडली नाही. माझं बोट धरून तिनं पक्ष्याच्या चोचीपासून डोळ्यावरून मागं नेलं. "हितनं सुरू हुती, हितं सपती."

बोटाला नुसती पिसं लागली.