धनेशाची वरमाय

४ फेब्रुवारी
मी म्हणे पक्षी दत्तक घेतला! भाचीची करणी. ती त्या बारमाही हिरव्या राखीव जंगलात नोकरीला आहे, देणग्या गोळा करते. परके देईनात तेव्हा मावशीचा गळा धरला. "मावशी, धनेश संपत चाललेत गं. तुझ्या पैशावर त्याच्या झाडाखाली राखणदार बसेल."
म्हटलं, बाई, मी दिवसभर कोंबड्या कापते. मला कुठे पक्षी दत्तक देतेस?
"म्हणूनच!" म्हणते.
दिले पैसे. तिचं तोंड बंद करायला दिले.

९ फेब्रुवारी
फोटो आला. चोच आहे की नांगर! पण रुबाब आहे हो. एका गिऱ्हाइकाला दाखवला, तर "किलोने काय भाव?" म्हणे मेला. त्याच्या पिशवीत मानाच जास्त टाकल्या.

२० फेब्रुवारी
आज कळलं – भाचीने समोरच्या शिंपिणीलाही गाठलं होतं. आणि तिच्या गळ्यात मारली मादी. माझ्याच धनेशाची! म्हणजे आम्ही झालो विहिणी. आधीच आमचं पटत नाही, माझ्या दुकानाचा वास तिच्या कापडांना लागतो म्हणे. आता मशीन थांबवून रस्त्यापलीकडून ओरडते, "काय विहीणबाई, मुलगा कमावतो ना?"
"कमावतोच! तुमची मुलगी काय करते ते सांगा."

२ मार्च
मुलगी काय करते ते कळलं. झाडाच्या ढोलीत शिरली, आतून दार लिंपून घेतलं. चोच जाईल एवढी फट ठेवली. पिल्लू वाढेपर्यंत आतच. पिसंही झडतात, उडायची सोय नाही. नवऱ्याने फळं आणायची, हिने फटीतून घ्यायची.
कसलं सुख! मला सासूने ओल्या बाळंतपणात गल्ल्यावर बसवलं होतं.
शिंपिणीला सुनावलं, "बसून खाते तुमची."
"अंधारात कोंडून घेऊन बघा एक दिवस," म्हणाली. बोलायला कमी नाही!

१४ एप्रिल
आत पिल्लाचा आवाज येतो, राखणदाराने ऐकला. माझा धनेश गळ्यात फळं भरून आणतो आणि एकेक काढून फटीत देतो. खेपांवर खेपा! फोटो मुद्दाम शिंपिणीला नेऊन दाखवला. चष्मा लावून बघितला तिने.

२३ एप्रिल
कालपासून नर आला नाही.

२५ एप्रिल
आजही नाही. शिंपीण म्हणते, "गेला असेल दुसरीकडे. पुरुषाची जात!" हातात सुरा होता. तो आधी खाली ठेवला. "माझा तसा नाही," एवढंच म्हटलं.
भाचीला फोन केला – दार फोडा ना बाहेरून!
"फोडलं तर बिथरेल ती, पिल्लाला टाकून जाईल. वाट बघायची, मावशी."
वाट बघायची! आत दोन तोंडं उपाशी आणि ही मंडळी वाट बघतात.

२७ एप्रिल
सापडला. ओढ्याकाठी. गोळी घातली. चोच तेवढी कापून नेली, बाकी टाकून दिलं. विकतात म्हणे कुठेतरी.
मी कापते ते लोक खातात. हे काय?
शिंपिणीला कोणी सांगितलं कोण जाणे. दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला तिने. वासाचं नाव काढलं नाही. पिंजऱ्यांकडे बघत म्हणाली, "चहा घेतलात का?"
"बसा," म्हटलं. बसली.

२९ एप्रिल
तिने दार फोडलं! स्वतःच, आतून! पिसं धड आली नव्हती, तरी पडत-धडपडत पलीकडच्या झाडावर गेली. फळ घेऊन परत आली. आणि ते चोंबडं पिल्लू – आईची पाठ वळली तशी फट पुन्हा लिंपायला बसलं!
रस्त्यातच ओरडून सांगितलं. शिंपिणीने कोणाच्या तरी बाहीला उलटी शिवण घातली.

१५ मे
एकटी भरवते. वाळली आहे फार. राखणदार खाली, ती वर. दोघंही हलत नाहीत जागचे.

३ जून
पिल्लू उडालं! सांगायला भाचीचा फोन. मग आवाज बारीक करून म्हणते, "मावशी, तुझा तर राहिला नाही. पुढच्या वर्षी त्याच पैशात कासव घेतेस का? वानरही आहे."
"कासव कशाला? माझी सून आहे ना."
"अगं, ती समोरच्या काकूंची."
"लग्न झालं ना तिचं? मग!"