प्रश्नापुढचे सात सेकंद

सुजीत,

मी माकुणसारला घरी निघालो आहे; सोमवारी परतेन. किल्ली शेजारच्या दीपालीताईंकडे ठेवली आहे. कुकरमध्ये भात आहे, सुक्या बोंबलाची चटणी वाटीत झाकली आहे.

काल तू शिफ्टला गेल्यावर मी भागाकाराच्या धड्यातला तुझा आवाज काढून टाकला आणि स्वतःचा भरून तो धडा पाड्यावरच्या मुलांच्या ग्रुपवर पाठवला. तुझ्या आवाजाची फाइल बिघडल्याचे तुला सांगितले, ते खोटे होते. धडे मी रचतो, चित्रे मी काढतो. पाड्यावरची मुले मात्र ‘सुजीत सर’ म्हणून तुझीच वाट पाहतात. हे मला फार दिवस सलत होते.

संध्याकाळी चौथीतल्या बुधीचा निरोप आला, तिच्याच आवाजात: “ह्यो कोन बोलतं? आमचा सर आजारी हाय का? आमी उत्तरा नाय दिली. तो बरा झाला का मंग देऊ.” तो निरोप मी कितीतरी वेळा ऐकला.

तुझा आवाज पुन्हा जोडला आहे. दहा वाजता धडा पाठव आणि बुधीला तू स्वतः उत्तर दे.

एक विनंती आहे. प्रत्येक प्रश्नापुढे मी सात सेकंद मोकळे सोडतो, कारण तेव्हा मुले मोठ्याने उत्तर देतात. अलीकडे तू त्या जागेत ‘शाब्बास’ म्हणू लागला आहेस. या धड्यातले मी पुसलेले नाही. पुढच्या धड्यात म्हणू नकोस. साऱ्या धड्यात जे ऐकू येते, त्यात तेवढी शांतताच माझी आहे.

प्रफुल्ल