अध्यक्षांनी बाहेर थांबावे

वसई, रविवार

तीर्थस्वरूप गुरुदत्तमामा,

चंद्रहासचा वाकून नमस्कार. (पोट आडवं येतं म्हणून अर्ध्यातच थांबलो, उरलेला मनोभावे समजावा.) जूचंद्रला पाणी वेळेवर येतं का, मामींचा रक्तदाब काय म्हणतो? तुम्ही ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचे सचिव झालात हे कळलं, अभिनंदन. इकडे सुनंदा मजेत आहे. माझीही तब्येत ठीक आहे, अब्रूचं तेवढं बरं नाही. ते कसं, ते सविस्तर लिहितो.

मी मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो, म्हणजे कुठलं औषध शरीरात जाऊन काय करतं हे मुलांना सांगतो आणि माझं डोकं दुखलं की सुनंदाला विचारतो. मागच्या बैठकीत आमच्या अधिष्ठाता डॉ. क्लेमेंटीन म्हणाल्या की औषध कंपन्यांची आपल्याकडे फार ये-जा वाढली आहे, परिषदा त्यांच्या पैशाने, जेवणं त्यांची, संशोधनाचा खर्चही त्यांचाच, याला काहीतरी शिस्त हवी. मला गप्प बसता येत नाही हे तुम्ही लहानपणापासून पाहताय. मी उठून म्हणालो की ज्याच्या पंगतीला बसतो त्याच्या आमटीला नावं ठेवायची आपली टाप नसते. वाक्य इतकं झकास जमलं की माझं मलाच कौतुक वाटलं. टाळ्या पडल्या आणि बाईंनी तिथल्या तिथे मला नियम करणाऱ्या समितीचा अध्यक्ष करून टाकलं.

नियम मी घरी केले, सुनंदा मेथी निवडत असताना तिला मोठ्याने वाचून दाखवत. चौथा नियम माझा लाडका. ज्या शिक्षकाचा ज्या कंपनीशी संबंध असेल त्याने तो आधी जाहीर करावा, आणि त्या कंपनीचा विषय निघाला की खोलीबाहेर थांबावं. सुनंदाने एवढंच विचारलं की बाहेर बसायला खुर्ची आहे का. मी म्हटलं, तत्त्वाच्या गोष्टीत खुर्ची आणू नये.

आता उन्नती. ही माझ्या हाताखाली एम.डी. करणारी मुलगी. वालीवच्या एका कंपनीने गुडघेदुखीवर नवं जेल काढलंय. ते आणि जुनं स्वस्त मलम यांची तिने पेशंटांवर तुलना केली. खर्च कंपनीचा. निष्कर्ष असा की गुण सारखाच, जेलची किंमत मात्र कैक पटीने जास्त. हा निबंध ती आमच्या वार्षिक परिषदेत वाचणार होती, आणि परिषद कळंबच्या रिसॉर्टवर, त्याच कंपनीच्या खर्चाने. कंपनीचा नीलेश म्हणून अत्यंत गोड बोलणारा माणूस आहे. तो मला भेटला आणि म्हणाला की अजून थोडे पेशंट घेऊन पुढच्या वर्षी वाचलं तर अभ्यासाला वजन येईल. मला ते पटलं. (कंपनीने आपल्यासाठी समुद्राकडची खोली धरलेली असली की अशा गोष्टी लवकर पटतात.) मी उन्नतीला थांबायला सांगितलं. ती वाद न घालता गेली आणि तिने समितीकडे अर्ज केला. समितीचा अध्यक्ष मीच.

बैठकीत मी तो अर्ज खणखणीत आवाजात वाचायला लागलो. निबंध मार्गदर्शकांनी अडवला आहे, इथवर आल्यावर लक्षात आलं की ते मार्गदर्शक म्हणजे आपणच. तरी मी रेटून म्हणालो की माझा त्या कंपनीशी काडीचा संबंध नाही. तेव्हा हाडांच्या विभागाचे डॉ. रुडॉल्फ, माझे जुने मित्र, अगदी हळू म्हणाले, "चंद्रहास, त्या जेलवर तू गावोगाव भाषणं देत फिरलास. उटीला तर वहिनींनाही नेलंस."

मग सगळे चौथा नियम वाचू लागले. मी बाहेर गेलो. खुर्ची नव्हती.

बाहेर उन्नती उभी होती. दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो, येणारे-जाणारे आम्हाला एक्स-रे कुठे म्हणून विचारत होते. मी तिला समजावलं की एक वर्ष म्हणजे काही फार नव्हे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, ते पेशंट दुखऱ्या पायांनी बस बदलून माझ्याकडे येत राहिले. त्यांना काय सांगू? कुठलं औषध घ्यायचं ते पुढच्या वर्षी कळवते?"

मामा, मी तसाच दार ढकलून आत गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं की भाषणांचं मानधन घेतलं, उटी पाहिली, निबंध मीच अडवला आणि ते चुकलं. आता तिचं मार्गदर्शन रुडॉल्फकडे द्या. मला वाटलं, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल. रुडॉल्फ म्हणाले, "अध्यक्षांनी बाहेर थांबावे." मी पुन्हा बाहेर.

निर्णय उन्नतीच्या बाजूने लागला. कंपनीने हात आखडता घेतला, कळंब गेलं, परिषद कॉलेजच्या सभागृहात झाली आणि जेवायला ज्याचा त्याचा डबा. उन्नती घाबरत उभी राहिली, पण वाचलं असं की मागच्या रांगेतला नीलेशसुद्धा टाळ्या वाजवून बसला आणि मग इकडेतिकडे बघू लागला. मी राजीनामा दिला. बाईंनी तो परत केला. म्हणाल्या, नियम लागतो कुठे हे समितीत तुम्हालाच ठाऊक आहे.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
चंद्रहास

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. दिवाळीत मी तुम्हाला ट्यूबांचं खोकं आणून दिलं होतं, ते हेच जेल. कंपनीने फुकट दिलेली सँपलं होती. संपल्यावर विकत घेऊ नका, जुनं मलम पुरे. माझ्या नावावर तुम्ही अख्ख्या कट्ट्याला ते घ्यायला लावलंय असं मामी म्हणाल्या. तर सचिव या नात्याने सर्वांना सांगा की भाच्याने चुकीचं सांगितलं होतं. नाव घेऊन सांगा.

आणखी ता. क. पाकीट बंद करताना मामींचा फोन आला. तुम्हाला त्या जेलनेच गुण आला असं तुमचं ठाम मत असून, आणखी ट्यूबा हव्यात आणि कट्ट्यावर त्याच विषयावर माझं भाषण ठरलंय म्हणे. भाषणाला उन्नती येईल. मामा वाद घालतील हे मी तिला आधीच सांगितलं. ती म्हणाली, कंपनीला तोंड दिलं, मामांचं काय एवढं. (ती तुम्हाला अजून भेटलेली नाही.)