निषादचा पहिला शब्द

एदोगावा, टोकियो

आई, तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

काल दिवसभर बर्फ पडत होता. सलोनीची शाळा बंद. बाहेर कसलाच आवाज नव्हता. दोन्ही मुलांना एकाच रजईत घेऊन मी वरणभात भरवत होते.

निषाद तीन वर्षांचा होऊनही बोलत नाही, याचा घोर तुलाही आहेच. काल तो खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, “युकी.”

“आई, बोलला!” सलोनी ओरडली. “युकी म्हणजे बर्फ, जपानीत!”

मी हसत होते की रडत, कळेना. मग अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं बर्फ बघत तेच म्हणत राहिलो.

मराठीही येईल गं सावकाश. तुझा गुडघा कसा आहे? निषादसाठी धरलेले सोमवार आता सोड आणि पोटभर जेव.

तुझी,
मृदुला