छप्पन नंबरची पाटी

१६ एप्रिल, सकाळी ७.१०
लागला! नर एल्कच्या, म्हणजे त्या थोराड हरणाच्या, शिकारीचा परवाना, तोही आमच्याच खोऱ्यातला. एकोणीस वर्षं सोडतीत नाव टाकत होतो, एकोणीस वर्षं ‘क्षमस्व’ची चिठ्ठी. पत्र मोंटानातल्या घरी गेलं. लोर्नाने फोनवर वाचून दाखवलं, अभिनंदन म्हणाली आणि लगेच विचारलं, गॅरेजमधली तुझी खोकी कधी नेतोस? बायको अशीच आहे माझी. आनंदाच्या भरातही हिचं आवराआवरीत लक्ष.
आजपासून रोज तीन मैल चालणे. बिअर बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गॉर्डीला सांगितलं. थोरला भाऊ म्हणून पाठ थोपटेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, परवाना मोंटानाच्या रहिवाशांचा ना? मग तू कुठे राहतोस?
कुठे म्हणजे? घरीच राहतो मी. इथे वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेनला, गॉर्डीच्या तळघरात आहे तो तात्पुरता. गेल्या वर्षी २ मार्चपासून. त्याच्या गालिच्यांच्या गोदामात माणूस कमी पडत होता आणि त्याच सुमाराला लोर्ना म्हणाली, थोडे दिवस वेगळं राहून बघू. योग जुळून आला.
गॉर्डीने नियमांचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. रहिवासी म्हणजे वर्षातले एकशेवीस दिवस राज्यात राहणारा आणि दुसऱ्या कुठल्या राज्यात रहिवासी म्हणून सवलत न घेणारा. मी त्याला हाताला धरून ट्रकपाशी नेलं आणि नंबरची पाटी दाखवली. आमच्याकडे पाटीवर पहिला आकडा जिल्ह्याचा असतो. माझा छप्पन. ट्रक जुना, म्हणून पाटी कायमची. तसं स्टिकरच आहे. सरकार स्वतः म्हणतंय कायमची, मग हा कोण टिकोजीराव?
दोन बिअर घेतल्या. आनंदाच्या होत्या, त्या धरायच्या नाहीत.

३ मे
तरी म्हटलं, एकशेवीस दिवस तर एकशेवीस. भरून टाकू. शुक्रवारी कामावरून थेट घर गाठलं आणि अंगणातल्या रस्त्यावर ट्रकमध्येच झोपलो. सकाळी लोर्ना कॉफी घेऊन बाहेर आली. कप एकच होता, तिचा. काय करतोयस म्हणाली. रहिवास, म्हटलं. ती म्हणाली, गवत कापायचं यंत्र बाहेर काढायचंय, ट्रक हलव.
पण बाहेर आली हे महत्त्वाचं. माझा हिशेब साधा आहे. नोव्हेंबरात एल्क मारून ट्रकच्या मागे टाकायचा आणि दारात उभं राहायचं. फ्रीझरभर मांस बघून कुठली बायको म्हणेल की परत जा? ती म्हणणार, बूट काढ आणि आत ये. एवढं एकच वाक्य ऐकायचंय मला.
दिवस झाले: २. (शुक्रवार अर्धाच होता. पण मनाने सकाळपासून तिथेच होतो.)

२६ मे
अंगण बंद. लोर्ना म्हणाली, शेजारी विचारतात. नदीकाठच्या सरकारी तळावर तंबू ठोकला. तिथे पाटी: मुक्काम चौदा दिवसांपेक्षा जास्त नको. बघा! राहिला नाहीस तर रहिवासी नाहीस, आणि राहायला गेलास तर चौदा दिवसांत ऊठ.
गॉर्डी शनिवार-रविवार सोडून सुट्टी देत नाही. तरी दिवस झाले ११. मनाचे धरले तर चारशेच्या वर.
चालणं सोमवारपासून.

१९ जुलै
गॉर्डीबरोबर तळ्यावर मासेमारी. इथला परवाना बाहेरच्यांना महाग, रहिवाशांना स्वस्त. गॉर्डी म्हणाला, माझाच पत्ता टाक, राहतोस की इथेच. टाकला. खाली ‘मी या राज्याचा रहिवासी आहे’ असं छापलं होतं, त्यावर सही केली. मासा वेगळा, एल्क वेगळा. आणि दोन सरकारं एकमेकांशी बोलतात थोडीच? एकाच घरातली माणसं बोलत नाहीत.
मासे तीन. त्यातले दोन गॉर्डीचे.

२३ ऑगस्ट
नर एल्कची आरोळी काढायचा सराव तळघरात चालू आहे. आज छान जमली. वहिनी धावत खाली आली, तिला बॉयलर फुटला असं वाटलं. म्हणाली, भावजी, हे नक्की कधीपर्यंत? मी म्हटलं, मोसम उघडेपर्यंत. ती म्हणाली, मी आरोळीबद्दल विचारत नाहीये.
ती वर गेली.
दिवस: १९. उरलेले शंभर सप्टेंबरात उरकू.

१२ सप्टेंबर
शिकारखात्याची वॉर्डन रिटा क्लासेनचा फोन. घाबरायचं कारण नाही, असले छप्पन वॉर्डन पाहिलेत. शिवाय ही लहानपणी माझ्याच शाळेच्या बसमध्ये बसायची. सव्वीस वर्षं बस चालवली मी, एक मिनिट कधी उशीर नाही. जो थांब्यावर नाही, तो बसमध्ये नाही. पोरं रडायची, आया शिव्या घालायच्या. नियम म्हणजे नियम.
रिटा म्हणाली, मर्लकाका, वॉशिंग्टनच्या मासेमारीच्या यादीत तुमचं नाव दिसतंय. पुढच्या शनिवारी घरी भेटू.
सरकारं बोलतात वाटतं.
पण ‘घरी’ म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत आहे घर कुठलं ते.

२० सप्टेंबर
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सोबत पुरावे: मोंटानाचं लायसन्स, विजेची दोन बिलं (लोर्नाच्या नावाची), पाटीचा फोटो. लोर्नाच्या स्वयंपाकघरात बसलो तिघं. हकलबेरीचा पाय, म्हणजे त्या रानफळांचं सारण भरलेला गोड पदार्थ, भाजला होता तिने. मला वाढला, म्हणजे वारं आपल्या बाजूचं आहे असं धरलं.
मी अर्धा तास बोललो. हेतू, जन्मभूमी, कायमचं स्टिकर, सगळं मुद्देसूद. रिटाने ऐकून घेतलं आणि लोर्नाला सरळ विचारलं, मर्लकाका इथे राहतात का?
मी लोर्नाकडे बघून हळूच मान हलवली. नुसतं हो म्हणायचं होतं तिला. लोर्नाने हातातल्या रुमालाची घडी करून ती टेबलावर ठेवली.
“इथे होता तेव्हाही नोव्हेंबरात नसायचा,” ती म्हणाली. “उरलेले अकरा महिने नोव्हेंबरबद्दल बोलायचा. नाही गं रिटा. मर्ल इथे राहत नाही.”
आवाज चढवला असता तर भांडता आलं असतं. तिने ते गॅस बंद केल्यासारखं सांगितलं.
मी रिटाला म्हटलं, अगं, मनाने तर मी इथेच असतो.
“काका,” ती म्हणाली, “जो थांब्यावर नाही, तो बसमध्ये नाही.”
ताटलीतला पाय अर्धा टाकून उठलो. पोट बरं नव्हतं.

२७ सप्टेंबर
परवाना परत केला. रिटाने दंडाची एकच पावती फाडली, दोन फाडता आल्या असत्या. वॉशिंग्टनची मासेमारी सरळ आहे म्हणाली, तिथे तुम्ही राहताच. मोंटानात मात्र बाहेरचा. एकोणीस वर्षं थांबलो आणि पाच महिन्यांत हातचा घालवला.
एक प्रकारे बरंच झालं. गुडघा दुखतोच आहे.

२५ ऑक्टोबर
मोसम उघडला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. ट्रक लोर्नाच्या नावावर होता, विमा स्वस्त पडतो म्हणून. तिने तो माझ्या नावावर करून दिला. पाटी मात्र नावाबरोबर राहते, ट्रकबरोबर नाही. छप्पन तिचा. मीच काढून दिली. एक स्क्रू गंजला होता, त्याला वेळ लागला. लोर्ना शेजारी उभी राहून दुसरे स्क्रू तळहातावर धरून होती. तेवढा वेळ बरं वाटलं.
तिने पाटी तिथेच कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकली. फळीला भोक होतं, वारा येत होता म्हणाली.
डोंगरात दोन बार ऐकू आले. कोणाचा तरी लागला असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एल्कसाठी नव्हतं ते. इथे लिहायला हरकत नाही. मला घरी यायचं होतं.
आता त्या जिल्ह्यात कोंबड्या माझ्यापेक्षा पक्क्या रहिवासी आहेत.

३ नोव्हेंबर
गॉर्डीबरोबर इथल्या गाड्यांच्या कचेरीत गेलो. नवी पाटी हवीच, पोलीस अडवतात. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, या राज्यात कधीपासून राहता? मी म्हणालो, तसं तात्पुरतंच, म्हणजे बघा, माझा हेतू...
“सहाशे अकरा दिवस,” गॉर्डी मागून म्हणाला. तळघराच्या दारामागे कॅलेंडर आहे, त्यावर वहिनी रोज एक फुली मारते म्हणे. मला वाटायचं ती कचऱ्याच्या गाडीची खूण आहे.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तीस दिवसांत यायचं असतं, साहेब. फार उशीर केलात.”
सही केली. इथल्या पाटीवर जिल्ह्याचा आकडाच नसतो. माणूस कुठला, काही कळत नाही.
रविवारी जाऊन खोकी घेऊन येतो असं लोर्नाला मेसेजने कळवलं. एरवी तिचं उत्तर यायला तीन दिवस लागतात. आज लगेच अंगठा आला.