री म्हणजे पुन्हा

५ फेब्रुवारी, सकाळी ८
रुपाली कळव्याला माहेरी गेली. फ्रिजवर चिठ्ठी. तीही इंग्रजीत! आय रिट्रीट. बास, एवढंच. महिनाभर स्पीकिंग क्लासला काय गेली, लगेच नवऱ्यावर प्रयोग. पण अर्थ सोपा आहे. रिचार्ज, रिफिल, तसंच रिट्रीट. री म्हणजे पुन्हा, ट्रीट म्हणजे पार्टी. भांडणाबद्दल सॉरी म्हणून पार्टी देणार बाईसाहेब. मोठ्या मनाने माफ करायचं ठरवलंय.

६ फेब्रुवारी
फोन उचलत नाहीये. पार्टीच्या तयारीत असेल.
संध्याकाळी सात वाजता किचनमधून तिचा आवाज आला. आय रिट्रीट, यू रिट्रीट, ही रिट्रीट. कणीक मळताना रोज असंच घोकायची. आत गेलो तर कुणी नाही. परात कोरडी.
'ही'ला शेवटी एस लागतो, हे ती कायम विसरते. त्यावरूनच पाहुण्यांसमोर हसलो होतो. पाहुणेही हसले. एवढंच भांडण.

७ फेब्रुवारी
सात वाजता पुन्हा तेच. वरच्या मजल्याचा आवाज पाइपातून येत असणार. वर जाऊन ऋतुराजला विचारलं. म्हणाला, काका, आमच्याकडे कोण घोकणारे? मग सहज रिट्रीटचा अर्थ विचारला. म्हणे माघार घेणं, मागे हटणं. असेल, मिलिटरीत असेल. संसारात तसा अर्थ घेत नाहीत.

९ फेब्रुवारी
कोलशेतची जनीमावशी मासळी घेऊन आली. वहिनी कुठंय म्हणाली. मी म्हटलं, माघारी गेलीय. माहेरी म्हणायचं होतं, जीभ घसरली. मावशी हसली नाही. म्हणाली, खाडीचं पाणी गेलं तर आपलं आपण परत येतं, बाईला आणायला जावं लागतं रे बाबा. म्हणजे पाणी परत येतं, हे तिनेही मान्य केलं!
तरी रविवारी जाणार. नक्की. पहिलं वाक्य, आय अॅम सॉरी. सात वाजता मोठ्याने घोकत होतो, तर किचनमधून हसण्याचा आवाज आला. पाहुण्यांसारखं. दिवे लावून बसलो. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

११ फेब्रुवारी, रविवार
केक घेऊन कळव्याला गेलेलो. दार अर्धवट उघडं. आत रुपाली भाचीला, सान्वीला शिकवत होती. आय रिट्रीट, यू रिट्रीट. माझं बोट बेलवर. ही रिट्रीट्स, रुपाली म्हणाली. एस लावून, अगदी स्वच्छ. सान्वीने विचारलं, ही म्हणजे कोण गं? रुपाली हसली. घरी अशी कधी हसली होती, आठवेना.
खाली उतरलो. घाबरून नाही. चालू क्लासमध्ये डिस्टर्ब करणं बरं दिसत नाही.
केक घरी येऊन एकट्यानेच खाल्ला.

१२ फेब्रुवारी
पावणेसातपासून किचनमध्ये बसलो होतो. सात वाजले. साडेसात. आवाज आला नाही.
शेवटी मीच म्हटलं, आय रिट्रीट.
पुढचं कुणी म्हटलं नाही.